हेड गॅस्केट उडाले म्हणजे नेमके काय होते? आणि ते घरी बदलता येते का?

सकाळी किक मारली की पाय हलकाच खाली जातो. चार-पाच किकनंतर गाडी सुरू होते, पण पूर्वीसारखी ओढत नाही. जो चढ तिसऱ्या गिअरवर निघायचा, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. सिलिंडरजवळून बारीक ‘फुस-फुस’ ऐकू येते आणि इंजिनाच्या फिन्समध्ये, म्हणजे थंडाव्यासाठी असलेल्या पातळ पाकळ्यांमध्ये, काळे तेलकट ओघळ दिसतात. गॅरेजवाला वाकून बघतो आणि सांगतो, “हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल.”

‘इंजिन खोलणे’ हे शब्द ऐकले की गाडीवर पोट असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दूध घालणारा असो, पेपर टाकणारा असो की रोज तीस किलोमीटरवर कामाला जाणारा. प्रत्यक्षात हेड गॅस्केट हा इंजिनातला सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. महाग असते ती मजुरी, आणि त्याहून महाग असते ती चूक. काम घरी करता येते का, याचे प्रामाणिक उत्तर असे: साध्या एअर-कूल्ड, एका सिलिंडरच्या गाडीवर येते. पण त्यासाठी जोर फारसा लागत नाही, क्रम पाळावा लागतो आणि घाई टाळावी लागते.

उदाहरणासाठी आपण महाराष्ट्राच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या गाड्यांपैकी एक घेऊ. १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि तिच्या घराण्यातल्या १०० सीसीच्या गाड्या. यांचे सिलिंडर जवळपास आडवे असते, हेड पुढच्या चाकाकडे तोंड करून असते, झडपा दोन आणि कॅमशाफ्ट हेडमध्येच. तुमची गाडी दुसरी असेल तर तपशील बदलतील, पण तर्क तोच राहील.

एक टनाचा धक्का आणि कागदासारखी चकती

इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एका बाजूने उघडी नळी. तिच्यावर झाकण म्हणून बसते ते हेड. दोन्ही भाग यंत्रावर कितीही सपाट घासले तरी धातूवर धातू ठेवून वायू अडत नाही, सूक्ष्म फटी राहतातच. त्या फटी भरायला मधे जी पातळ, थोडी दबणारी चकती ठेवतात, तेच हेड गॅस्केट. काही गाड्यांत ते पत्र्याच्या अनेक थरांचे असते, काहींत धातूच्या जाळीवर ग्रॅफाइटसारखा मऊ थर दिलेला असतो, जुन्या काही इंजिनांत नुसते तांबे किंवा ॲल्युमिनियम.

त्याच्यावर काय बेतते हे आकड्यांत बघू. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचे क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पेटते तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट होऊ शकतो. पन्नास धरला तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० किलो, म्हणजे हेडला पुढे ढकलणारा जोर जवळपास एक टन. हा टनाचा धक्का चार स्टडवर वाटला जातो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर असे धक्के मिनिटाला ३,००० बसतात, सेकंदाला ५०. पेटलेल्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते.

चारही नट सारखे आवळलेले असतील तर गॅस्केट हे वर्षानुवर्षे सोसते. एक नट सैल, एक जास्त आवळलेला, असे असले की हेड एका बाजूने किंचित श्वास घेऊ लागते. तिथून तापलेला वायू सुरीसारखा निसटतो, गॅस्केटची कड जाळतो, आणि एकदा वाट पडली की ती रुंदच होत जाते. ‘गॅस्केट उडाले’ म्हणतात ते यालाच. उडत काही नाही, आतून जळत जाते.

आधी खात्री, मग पाना

इंटरनेटवर हेड गॅस्केटची लक्षणे शोधली की बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते: कूलंट कमी होतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होते. ही सारी लक्षणे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, मुख्यतः मोटारींची. स्प्लेंडरमध्ये कूलंटच नाही, तो ऑइलमध्ये मिसळणार कुठून? एअर-कूल्ड गाडीत ऑइल भरण्याच्या टोपणाखाली पांढरट साय दिसली तर ती बहुधा हवेतल्या बाष्पाची असते. पावसाळ्यात गाडी रोज दोन किलोमीटर चालवून बंद केली, इंजिन पुरते तापलेच नाही, की ती जमते. त्यासाठी हेड खोलायचे कारण नाही.

तेलाचे ओघळ पाहूनही लगेच निदान करू नका. टॅपेटच्या टोपणांची ओ-रिंग कडक झाली, हेडच्या बाजूच्या झाकणाचे पॅकिंग गेले, तरी तेल तिथूनच वाहत खाली येते, आणि वाऱ्याने फिन्समध्ये पसरले की सगळे सारखेच दिसते. म्हणून पहिले काम धुण्याचे. थंड इंजिन ब्रश आणि डिझेलने स्वच्छ करा, पुसून कोरडे करा, सांध्यांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर फुंका आणि गाडी थोडी चालवून आणा. पावडर जिथे पहिल्यांदा भिजते तिथून गळती. ती टॅपेटच्या टोपणापाशी निघाली तर तुमचे काम एका रबरी कड्यावर भागले.

वायू निसटतो का हे पाहायला साबणाचे पाणी पुरते. इंजिन गार असताना हेड आणि सिलिंडरच्या सांध्यावर ते लावा आणि कुणाला तरी सावकाश किक मारायला सांगा. बुडबुडे आले तर शंका उरत नाही. पण बुडबुडे आले नाहीत म्हणून गॅस्केट चांगले, असेही नाही. या इंजिनात सिलिंडरच्या एका बाजूने टायमिंग चेनचा बोगदा जातो. गॅस्केट त्या बाजूला जळले तर वायू बाहेर न येता बोगद्यातून थेट क्रँककेसमध्ये जातो. बाहेरून सारे कोरडे, पण ब्रीदर पाइपमधून तेलाचा फवारा आणि ऑइलचे टोपण उघडले की भसाभसा वाफ. रिंगा झिजल्यावरही हेच दिसते, आणि इथेच बरेचदा ‘हाफ इंजिन करा’ असा सल्ला मिळतो.

फरक ओळखायची जुनी युक्ती म्हणजे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा मोजणे. वाढले तर रिंगा, न वाढले तर झडपा किंवा गॅस्केट. उभ्या सिलिंडरमध्ये ही युक्ती चांगली चालते. आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल खालच्या बाजूला साचून राहते, रिंगेभोवती सगळीकडे पोचत नाही, म्हणून तिच्यावर फार विसंबू नये. त्यापेक्षा हवेची चाचणी बरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकात ॲडॉप्टर बसवायचा आणि कॉम्प्रेसरने हळूहळू हवा सोडायची. मग कान लावायचा. कार्बोरेटरमधून सुसकारा आला तर इनलेट झडप, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, सांध्यातून आला तर गॅस्केट, ऑइलच्या भोकातून आला तर रिंगा किंवा बोगद्याकडे जळलेले गॅस्केट. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर हवेने इंजिन झटक्यात फिरू शकते, तेव्हा बोटे आणि किक दोन्ही लांब ठेवा.

तयारी

लागणारी हत्यारे थोडी: गोटी पान्यांचा सेट, टी-पाना, फिलर गेज, रबरी किंवा लाकडी हातोडी, आणि जमल्यास लहान टॉर्क रेंच. ‘लहान’ हा शब्द महत्त्वाचा. मोटारीच्या चाकांचा टॉर्क रेंच इथे निरुपयोगी, कारण आपल्याला लागणारा जोर त्याच्या मापाच्या तळाशी किंवा त्याहूनही खाली असतो. सामानात पूर्ण गॅस्केट सेट, सगळ्या ओ-रिंगांसह, आणि नवे इंजिन ऑइल. फक्त हेड गॅस्केट आणू नका. या इंजिनात चारही लांब स्टड क्रँककेसपासून निघून सिलिंडरमधून पार हेडपर्यंत जातात. म्हणजे हेडचे नट सुटले की सिलिंडरही सैल झालेला असतो, आणि तो जरासा हलला तरी त्याच्या बुडातले बेस गॅस्केट फाटते. सेटमध्ये ते असते. एकटे हेड गॅस्केट आणलेला माणूस संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर हे शिकतो.

आणखी दोन गोष्टी हव्यात: तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल, आणि कागद-पेन्सिल. मॅन्युअल कशाला, तर नट किती आवळायचे, टॅपेटचा गॅप किती, हे आकडे मॉडेलनुसार बदलतात आणि अंदाजाने चालत नाहीत. कागद कशाला, ते पुढे कळेल.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा, पेट्रोलचा कॉक बंद करा, आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रात्रभर ठेवले तर उत्तम. सायलेन्सरचे नट गंजलेले असतील तर आदल्या संध्याकाळीच त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. अंगण झाडून नंतर पाणी शिंपडा. धूळ उडत असताना इंजिन उघडणे म्हणजे रिंगांना पॉलिश पेपर चारणे.

आणि पुढे बघा. हेड स्टडवरून सरळ पुढे सरकत बाहेर येते, त्याला तेवढी जागा फ्रेममध्ये आणि लेग गार्डमध्ये आहे का? नसेल तर लेग गार्ड काढावा लागेल, आणि तेही पुरे झाले नाही तर इंजिन फ्रेमच्या बोल्टमधून सोडवून खाली घ्यावे लागेल. ते दोन माणसांचे काम आहे, खाली ठोकळा किंवा जुने टायर ठेवून करायचे.

खोलताना

ऑइल काढून घ्या, तरीही हेडमधून थोडे सांडेल, म्हणून खाली परात ठेवा. कार्बोरेटरचा पाइप, सायलेन्सर, प्लग, टॅपेटची दोन्ही टोपणे, टायमिंग चेनच्या बाजूचे झाकण, या क्रमाने बाजूला करा. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या वाटीत. बोल्टांची लांबी सारखी नसते, आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर आटे किंवा केसिंग, दोन्हीपैकी एक जाते.

आता पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. मॅग्नेटच्या चाकावर इंग्रजी ‘टी’ हे अक्षर कोरलेले असते. ते केसिंगवरच्या खुणेसमोर येईपर्यंत चाक डाव्या बाजूने पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे गाडी पुढे जाताना चाक फिरते त्याच दिशेने, हाताने फिरवा. जवळच ‘एफ’ असते, ती ठिणगीची खूण. तिच्याशी गल्लत करू नका. चार स्ट्रोकच्या इंजिनात ‘टी’ दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. दोन्ही टॅपेट बोटांनी हलवून पाहा: दोन्ही किंचित खुळखुळत असतील तर बरोबर, एखादे घट्ट असेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या.

या स्थितीत कॅमच्या दातेरी चक्रावर एक लहान गोल किंवा रेघ असते आणि ती हेडवरच्या खाचेसमोर आलेली असते. मोबाइलवर फोटो काढा. दोन काढा. मग चक्राचे बोल्ट सोडा, चेन उतरवा आणि तिला लगेच तारेने वर बांधा. चेन बोगद्यात पडली तर काही बिघडत नाही, पण ती पुन्हा वर ओढताना क्रँककडच्या दात्यांवरून निसटते किंवा अडकते आणि अर्धा तास जातो. दुसऱ्या काही गाड्यांत चेनचा ताण धरणारा टेन्शनर सिलिंडरच्या मागे असतो. तो आधी सैल केला नाही तर चेन उतरतच नाही.

हेडचे चार नट तिरके, एक इकडचा एक पलीकडचा, दर वेळी अर्धा फेरा असे सैल करा. एक नट पूर्ण काढून मग दुसऱ्याला हात घातला तर सगळा ताण उरलेल्या तिघांवर येतो आणि ॲल्युमिनियम मुरडते. गरम इंजिनावर हे करू नये, कारण तापलेले ॲल्युमिनियम आणखी सहज वाकते. आता कागद-पेन्सिल घ्या आणि कुठल्या स्टडवर कुठला नट, कुठला वॉशर होता ते चित्र काढा. या घराण्याच्या इंजिनांत स्टडच्या भोकातून कॅमकडे ऑइल वर चढते, म्हणून तिथे टोपीचा बंद नट आणि वेगळा, बऱ्याचदा तांब्याचा वॉशर असतो. अदलाबदल झाली तर नवे गॅस्केट घालूनही तेल गळतच राहते.

नट निघाले तरी हेड हलत नाही. इथे माणूस स्क्रू-ड्रायव्हर सांध्यात घालतो, आणि माझ्या मते घरी केलेल्या कामांची सर्वाधिक नासाडी याच क्षणी होते. मऊ ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा वायूला कायमचा रस्ता देतो. थांबा आणि चेनच्या बाजूला पाहा. तिथे हेड आणि सिलिंडर जोडणारा एखादा लहान बोल्ट असतो, काजळीखाली लपलेला. तो राहिला असेल. तो काढा, मग लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके ठोका. हेड सुटेल. सांध्यातल्या लहान पोकळ पिना, म्हणजे डॉवेल, बोगद्यात पडणार नाहीत याकडे लक्ष द्या, आणि लगेच बोगद्यात स्वच्छ फडके कोंबा. यापुढे क्रँक फिरवू नका. पिस्टन सिलिंडरला बरोबर ओढून घेतो. सिलिंडर तरीही हलला असेल, तर तो काढून बेस गॅस्केट बदलावेच लागेल, आणि मग पिस्टन-रिंगा पुन्हा आत घालण्याचे नाजूक काम वाढते.

जुने गॅस्केट वाचा

ते लगेच फेकू नका. चांगल्या ठिकाणी त्याची कड स्वच्छ, दाबाची एकसारखी वर्तुळाकार खूण असलेली दिसेल. जिथे गळत होते तिथे बोअरपासून बाहेर जाणारा काळा, जळका पट्टा असेल. पट्टा एका स्टडच्या शेजारी असेल तर त्या नटावर किंवा आट्यांवर संशय घ्या. दोन स्टडच्या बरोबर मध्ये असेल तर हेड मुरडले असण्याची शक्यता जास्त. सगळीकडे सारखेच करपलेले असेल तर इंजिन तापत होते. मग कारण शोधा: फिन्समध्ये शेताचा चिखल वाळून बसला होता का, कार्बोरेटरचे मिश्रण फार पातळ झाले होते का, इनलेटच्या जोडातून फाजील हवा येत होती का, ऑइल कमी होते का. कारण तसेच ठेवून बदललेले गॅस्केट काही महिन्यांनी पुन्हा तेच सांगेल.

सपाटपणा

दोन्ही पृष्ठभागांवर चिकटलेले अवशेष काढायला लाकडी पट्टी, पितळी खरवडणी किंवा जुने एटीएम कार्ड वापरा. थिनरने थोडे भिजू द्यावे. ग्राइंडरवर पॉलिश पेपरची चकती लावून हे काम दोन मिनिटांत होते, आणि त्याच दोन मिनिटांत पृष्ठभागाला खड्डा पडतो.

मग मोजमाप. गुण्याची किंवा चांगल्या स्टीलच्या पट्टीची सरळ धार हेडवर उभी धरा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, आणि खालून फिलर गेज घालून पाहा. लहान इंजिनांत साधारण ०.०५ मिलिमीटरची पट्टी आत जाऊ नये. हे माप माणसाच्या बारीक केसाएवढे आहे, डोळ्याला दिसत नाही. पट्टी जात असेल तर नवे गॅस्केट घालण्यात अर्थ नाही.

थोडासाच फरक असेल तर घरी घासता येते. जाड सपाट काच, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, वर थोडे तेल, आणि हेड त्यावर इंग्रजी आठाच्या आकारात, स्वतःचा जोर न लावता फिरवायचे. मधून मधून उचलून पाहायचे. सगळीकडे सारखी मंद चकाकी आली की थांबायचे. नंतर प्रत्येक भोक धुवायचे, कारण पॉलिश पेपरचा कण ऑइलच्या वाटेत राहिला तर कॅमशाफ्ट खातो. फरक जास्त असेल तर हेड लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करून घ्या, आणि ‘कमीत कमी काढा’ असे सांगा. हेड जितके खरवडले जाईल तितके कॉम्प्रेशन वाढते आणि झडपा पिस्टनच्या जवळ येतात.

हेड हातात आहेच, तर झडपाही तपासून घ्या. प्लग लावा, हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षात डिझेल भरा आणि दहा मिनिटे थांबा. इनलेट किंवा एक्झॉस्टच्या तोंडातून थेंब आले तर ती झडप नीट बसत नाही. ते काम याच फेरीत उरकलेले बरे, दुसऱ्यांदा हेड कोण काढणार?

बसवताना

नवे गॅस्केट बोटांचे तेल न लावता, कोरडेच बसवा. त्यावर शेलॅक किंवा सिलिकॉन लावायची अनेकांना सवय आहे. झाकणांच्या पॅकिंगला ते ठीक, हेड गॅस्केटला नको, मॅन्युअलमध्ये सांगितले असल्याशिवाय. पसरलेला सिलिकॉन ऑइलचे बारीक भोक बुजवतो आणि काही किलोमीटरनंतर कॅमशाफ्ट कोरडा पडतो. गॅस्केटचे प्रत्येक भोक खालच्या भोकाशी जुळते का ते पाहा. उलटे बसवले तर नेमके ऑइलचेच बंद होते. जुने गॅस्केट पुन्हा घालू नका. ते एकदा दबले की त्याचा दबण्याचा गुण संपला. जुन्या काळच्या तांब्याच्या गॅस्केटला लाल तापवून पुन्हा मऊ करता येते, ती गोष्ट तांब्याची.

डॉवेल, नव्या ओ-रिंगा, हेड, मग कागदावरच्या चित्राप्रमाणे वॉशर आणि नट. आधी चारही हाताने, मग तिरक्या क्रमाने तीन टप्प्यांत: ठरलेल्या टॉर्कच्या सुमारे एक तृतीयांश, दोन तृतीयांश, शेवटी पूर्ण. बाजूचा लहान बोल्ट सर्वांत शेवटी.

टॉर्क म्हणजे काय हे हाताला कळावे म्हणून एक हिशेब. समजा मॅन्युअलमध्ये २० न्यूटन-मीटर लिहिले आहे. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात सुमारे १० किलोचा जोर लावला की तेवढा होतो. म्हणजे भरलेल्या पाण्याच्या बादलीपेक्षाही कमी. लांब पाइप घालून, पाय रोवून आवळणारा माणूस याच्या कितीतरी पट जोर लावतो, आणि मग ऐकू येते ती ‘कट्’ अशी मऊ जाणीव: आटे गेले. क्रँककेसमधले आटे गेले की गॅस्केटचे काम केसिंगच्या कामात बदलते. टॉर्क रेंच नसेल तर वाण्याकडचा स्प्रिंगचा ताणकाटा पान्याच्या टोकाला अडकवून ओढता येतो. २० सेंटिमीटरवर १० किलो. दिसायला गावठी, पण नुसत्या ‘अंदाजाने’ आवळण्यापेक्षा पुष्कळ बरे.

चेन चढवण्यापूर्वी मॅग्नेटचे ‘टी’ आणि कॅमच्या चक्रावरची खूण, दोन्ही पुन्हा जागेवर आहेत ना? फोटोशी ताडून पाहा. एक दाता चुकला तर गाडी सुरू होईल पण ओढणार नाही; जास्त चुकला तर झडप पिस्टनवर आपटते. म्हणून चक्राचे बोल्ट आवळल्यावर प्लग न लावता इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. मध्येच कुठे कडक अडथळा आला तर जोर लावू नका, किक तर नाहीच. मागे फिरा आणि चेन तपासा. सोडवलेला टेन्शनर पूर्ववत करायचे विसरलात तर सैल चेन पहिल्याच फेरीत दाता सोडते.

आता टॅपेट. हेडचे नट आवळल्यावर गॅप बदलतो, त्यामुळे तो आधी नाही, नंतरच लावायचा, तोही गार इंजिनावर. गॅप मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो आणि फिलर गेजची पट्टी हलकी ओढ देत सरकली पाहिजे. कमी ठेवला तर झडप पुरती बंद होत नाही आणि जळते, जास्त ठेवला तर खडखड करते. दोन्हीपैकी खडखड परवडते.

पहिली किक

ऑइल भरा आणि प्लग न लावता पंधरा-वीस किक मारा, म्हणजे ऑइल वर चढू लागते. मग प्लग लावून गाडी सुरू करा, अर्धा मिनिट मंद चालू द्या, बंद करा आणि वरचे टॅपेटचे टोपण उघडा. आतला रॉकर तेलाने ओला दिसला पाहिजे. कोरडा असेल तर गाडी पुन्हा सुरू करू नका. ऑइलची वाट कुठेतरी बंद आहे, बहुधा गॅस्केट उलटे किंवा वॉशर चुकीचा.

ओला असेल तर दहा मिनिटे चालवून बंद करा. पहिल्यांदा थोडा धूर निघेल, तो सांडलेले तेल जळल्याचा. रात्रभर गार होऊ द्या. काही गॅस्केट पहिल्या तापण्यात आणखी थोडे दबतात, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तर दुसऱ्या दिवशी नट त्याच क्रमाने, त्याच टॉर्कला पुन्हा तपासतात. हे गारच करायचे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे गरम असताना घट्ट वाटलेला नट गार झाल्यावर सैल निघतो. नट हलला असेल तर टॅपेटचा गॅपही पुन्हा बघा.

कुठे थांबावे

पल्सर एनएस २०० किंवा ड्यूकसारख्या पाण्याने थंड होणाऱ्या, दोन कॅमशाफ्टच्या किंवा चार झडपांच्या गाड्यांवर हे पहिले काम म्हणून करू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि फ्युएल इंजेक्शनच्या वायरी हेडजवळून जातात. वायर ओढून तुटली तर गॅस्केटपेक्षा सेन्सर कितीतरी महाग. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुणी हात लावू नये, मालकानेही. उलट हात बसवायचा असेल तर आरएक्स १०० सारखी टू-स्ट्रोक उत्तम. तिच्यात झडपा नाहीत, टायमिंग चेन नाही, हेड म्हणजे खरोखरच नुसते झाकण.

खोलताना स्टड नटासकट फिरून बाहेर येऊ लागला, सिलिंडरमध्ये उभे ओरखडे दिसले, किंवा हेडला तडा आढळला, तर तिथे थांबा. सगळे भाग वाट्यांसकट पिशवीत भरून लेथवाल्याकडे किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे न्या. जळलेले गॅस्केटही सोबत घ्या, ते पाहून तो तुमच्यापेक्षा लवकर सांगेल कुठे काय झाले ते. आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर रोज सकाळी दोन गोष्टी बघा: सांध्याभोवती ओल, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी.